'गॉन्ट' म्हणजे सडपातळ नव्हे, मग मराठीत काय म्हणाल?

पारिजात

नमस्कार मंडळी. मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते आणि घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. 'गॉन्ट' या इंग्रजी शब्दापाशी अडले आहे, म्हणून हा धागा.

नववीतल्या एका मुलाने 'माझे आजोबा' असा निबंध इंग्रजीत लिहून आणला. आजोबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. गेल्या पावसाळ्यात आजारी पडले, पाच आठवडे रुग्णालयात काढून घरी आले. त्या दिवसाबद्दल मुलाने लिहिलं होतं, 'आजोबा स्लिम होऊन घरी आले.'

वाचून माझ्या पोटात कालवलं. मी म्हटलं, "अरे, स्लिम म्हणजे दिसायला छान बारीक. तुला तसं म्हणायचंय का?" तर म्हणाला, "नाही टीचर. त्यांचं घड्याळ मनगटावरून घसरत कोपरापर्यंत जायचं. आई आतून रुमाल गुंडाळून द्यायची. कवळी बसत नव्हती, बोलताना वाजायची. गाल एवढे आत गेले होते की दार उघडल्यावर मी क्षणभर ओळखलंच नाही."

यातलं एक अक्षरही निबंधात नव्हतं. सगळं त्या 'स्लिम'खाली गाडलं गेलं होतं.

मी त्याला 'गॉन्ट' हा शब्द दिला. त्याने लगेच फोनवरच्या शब्दकोशात पाहिला. समोर आलं: 'सडपातळ, कृश, हडकुळा'. तिन्ही एका ओळीत, स्वल्पविराम देऊन. तो म्हणाला, "टीचर, सडपातळ तर लग्नाच्या जाहिरातीत लिहितात." खरंच आहे त्याचं! मला त्या क्षणी एकही मराठी शब्द असा सुचला नाही की जो आजोबांच्या चेहऱ्यावर बसेल. तुम्ही काय सांगितलं असतं?

खाडीकाठ

पारिजातताई, फार चांगला प्रश्न. मी वाशीला असतो, भाषांतराचं काम करतो. या शब्दाने मलाही छळलं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

इंग्रजीत बारीक माणसासाठी डझनावारी शब्द आहेत आणि आपण ते सगळे एकाच पिशवीत टाकतो. खरं तर त्यातले काही बांधा सांगतात आणि काही हकीकत सांगतात. स्लेन्डर, स्लिम, लँकी हे बांध्याचे शब्द. माणूस घडलाच तसा आहे. गॉन्ट हा हकीकतीचा शब्द. आधी काहीतरी होतं, ते गेलं, आणि गेल्याची खूण चेहऱ्यावर राहिली. आजार, उपासमार, वार्धक्य, काळजी, जागरणं, यापैकी काहीतरी मागे असतंच. म्हणून हा शब्द जास्त करून चेहऱ्याला लागतो. बसलेले गाल, वर आलेली हाडं, खोल गेलेले डोळे. नुसते हात बारीक आहेत म्हणून कुणी गॉन्ट होत नाही.

एकाच माणसावर फरक दाखवायचा तर अब्राहम लिंकन घ्या. उंची ६ फूट ४ इंच, हातपाय लांबच लांब. तरुण लिंकन म्हणजे लँकी, आपल्याकडचा शिडशिडीत उंच. त्यांच्या चेहऱ्याचे दोन साचे जिवंतपणी घेतले गेले. पहिला १८६० मध्ये लिओनार्ड व्होक यांनी, दुसरा फेब्रुवारी १८६५ मध्ये क्लार्क मिल्स यांनी. मधल्या पाच वर्षांत यादवी युद्ध झालं, १८६२ मध्ये मुलगा विली गेला. दोन साचे शेजारी ठेवलेले फोटो मुलांना दाखवा. पहिल्यात हाडं मोठी आहेत, पण चेहरा भरीव आहे. दुसऱ्यात गाल आत ओढले गेलेत, डोळ्यांभोवती खळगे पडलेत. तो दुसरा चेहरा म्हणजे गॉन्ट. दोन्ही वेळा माणूस 'बारीक'च होता, हे महत्त्वाचं.

मराठीत मी आधी 'खंगलेला' लिहायचो. आता वाक्य बघून ठरवतो. चेहरा असेल तर 'ओढलेला चेहरा', 'गालफडं बसलेली', 'खप्पड गाल'. पूर्ण माणूस असेल तर 'खंगलेला' किंवा 'झडलेला'. 'सडपातळ' मात्र कधीच नाही.

चहाबिस्किट

उच्चार गॉन्ट. 'आंट'च्या चालीवर 'गांट' नको. बाकी वाचतेय.

ऐरोली_लोकल

मी सहसा इथे लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला आहे. परदेशातल्या एका सहकाऱ्याशी रोज व्हिडिओ कॉल असतो. दोन महिन्यांच्या खंडानंतर तो कॉलवर आला, बराच बारीक झालेला. मला वाटलं धावण्याच्या शर्यतीची तयारी करतोय, पूर्वी तसं बोलला होता. कौतुक करावं म्हणून चॅटवर लिहिलं, 'यू लुक गॉन्ट!' पुढे उद्गारचिन्ह आणि हसरा चेहरा. स्लिम हा शब्द साधा वाटला आणि शब्दकोशात गॉन्टपुढे 'सडपातळ' वाचलेलं डोक्यात होतं.

तो बराच वेळ काही लिहीना. मग एक ओळ आली, की बायको सहा आठवडे रुग्णालयात होती, झोप नाही, जेवणाचं ठिकाण नाही, आणि हे सगळ्यांना एवढं दिसत असेल याची मला कल्पना नव्हती.

मी फोन करून माफी मागितली. शब्दाचा अर्थ चुकीचा समजले होते हेही सांगितलं. त्याने समजून घेतलं. पण मला ते आजही लागून राहिलंय, कारण शब्द चुकलाच नव्हता. जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते त्या शब्दाने बरोबर पाहिलं होतं.

वाचनवेडा

सर्वांच्या भावना मान्य, पण शब्द तर आपल्याकडे आहे. कृश. 'कृशकाय', 'कृश चेहरा' असं सर्रास लिहिलं जातं. नवा शब्द शोधायची गरज कळली नाही.

खाडीकाठ

@वाचनवेडा, 'कृश' चुकीचा नाही, पण त्यात घडलेलं काही येत नाही. व्रतवैकल्यं करणारा तपस्वी कृश, जन्मापासून लहानखुरी असलेली मुलगीही कृश. शिवाय बोलण्यात येत नाही हो. रुग्णालयातून आलेल्या माणसाला बघून कोण घरी येऊन सांगतं, "अगं, काका फार कृश झालेत"? आपण म्हणतो, "काका पार उतरलेत गं, ओळखू येत नाहीत."

मोगरा

पारिजात, मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात २२ वर्षं परिचारिका आहे. तुमच्या विद्यार्थ्याने सांगितलेलं घड्याळ आणि कवळी वाचून थांबलेच. हे मी रोज बघते.

चेहरा असा का होतो ते सांगते, मुलांनाही समजेल. गालांत चरबीची एक गादी असते. कानशिलावर, भुवईच्या टोकापासून कानाच्या वरपर्यंत, चावण्यासाठी लागणारा पंख्यासारखा स्नायू असतो. घास चावताना तिथे बोट ठेवलं तर तो हलताना लागतो. आजारात शरीर चरबी खातं आणि स्नायूही खातं. गालाची गादी गेली की गाल बसतात. कानशिलाचा स्नायू आटला की तिथे खळगा पडतो आणि डोळ्याच्या कडेचं हाड कंगोऱ्यासारखं वर येतं. डॉक्टर राउंडला आले की बऱ्याचदा कानशिलाकडे बघतात ते याचसाठी. नुसत्या बारीक बांध्याच्या माणसाच्या कानशिलाला असा खळगा नसतो. तुमच्या शब्दाचा फरक शरीरात हा असा दिसतो.

पुढची पायरी म्हणजे इमेसिएटेड. तिथे सगळं शरीर हाडांवर येतं. त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला रोडपणाचा शब्द आहे. वैद्यकीय कागदांवर गॉन्ट फारसा दिसत नाही, इमेसिएटेड किंवा कॅकेक्सिया दिसतं. कॅकेक्सिया ग्रीक आहे, अर्थ 'वाईट अवस्था'. क्षयरोगाला आपण क्षय म्हणतो आणि इंग्रज पूर्वी कन्सम्प्शन म्हणत. दोन्हीकडे रोगाचं नाव या झिजण्यावरूनच पडलं.

जाता जाता कळकळीने सांगते. घरातलं कुणी आहार-व्यायाम काही न बदलता ६ ते १२ महिन्यांत वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोचं माणूस ३ किलोहून जास्त, तर 'वा, छान बारीक झालात' म्हणू नका. दाखवून आणा.

सुईदोरा

मोगराताईंना अनुमोदन.

मी कळव्याला राहते, माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडे माणसाआधी हा शब्द जनावरांना लागतो. ७२ च्या दुष्काळात आई लहान होती. ती सांगते, दावणीची बैलजोडी डोळ्यांदेखत आटत गेली. पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या लांबून मोजाव्यात अशा, आणि माकडहाडाजवळची दोन हाडं खुंट्यांसारखी वर. आजोबा त्या हाडांवर पोतं टाकायचे, कावळे टोचतात म्हणून. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथे सुकडी मिळायची. आई म्हणते, सुकडीवर आमचे गाल राहिले, बैलांचे गेले.

'खपाटीला गेलेलं पोट' हा शब्द तुमच्या यादीत घ्या. इंग्रजीत दुष्काळातल्या गुरांना गॉन्ट म्हणतात ना? मग हे त्याचंच रूप आहे.

पारिजात

हो सुईदोरा, म्हणतात. गॉन्ट कॅटल हा प्रयोग अगदी रूढ आहे. पोत्याचं वाचून अंगावर काटा आला.

मोगरा, तुमचं कानशिलाचं वर्णन आज वर्गात वाचून दाखवलं. सातही मुलं दोन बोटं कानशिलावर ठेवून दात चावत बसली होती. ऐरोली_लोकल, तुम्ही लिहिलंत याबद्दल खरंच आभार.

तलावपाळी

मी निवृत्त संस्कृत शिक्षक. रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी असते, आज ती चुकवून हे लिहितो आहे, कारण विषय जिव्हाळ्याचा निघाला.

आधी इंग्रजीतला साधा थिन. हा आपला सख्खा नातलग आहे. संस्कृतात 'तनु' म्हणजे पातळ, नाजूक. धातू 'तन्', ताणणे. त्यावरूनच आपले ताण, तंतू आणि गाण्यातली तान. जे ताणलं जातं ते पातळ होतं, म्हणून तनु. मूळ एकच, पण इंग्रजीच्या घराण्यात जाताना 'त'चा 'थ' झाला. त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट, तृण आणि थॉर्न, तसंच तनु आणि थिन. शिकवणीतल्या मुलांना ही चार जोडपी फळ्यावर लिहून द्या, आयुष्यभर विसरणार नाहीत.

स्लिमची गंमत वेगळी. तो १७व्या शतकात डचांकडून इंग्रजीत आला आणि मुळात त्याचा अर्थ वाईट, वाकडा, कावेबाज असा होता. जर्मनमध्ये श्लिम म्हणजे आजही वाईट. डचमध्ये स्लिम म्हणजे आज हुशार. इंग्रजीत मात्र तो कौतुकाचा झाला. 'स्लिम चान्स' म्हणताना जो अपुरेपणा जाणवतो, त्यात जुना अर्थ अजून शिल्लक आहे असं मला वाटतं.

आता मुख्य गोष्ट. पारिजातबाई, तुम्ही जो शब्द शोधताय तो कालिदासाने मेघदूतात घडवून ठेवला आहे. शापामुळे घरापासून दूर पडलेला यक्ष आपल्या पत्नीचं वर्णन दोनदा करतो. पहिल्यांदा 'तन्वी श्यामा'. तन्वी म्हणजे सडपातळ, हे सौंदर्य. पण काही श्लोक पुढे गेल्यावर त्याला आठवतं, की आपण गेल्यापासून ती तशी राहिली नसेल. तिथे तो तन्वी म्हणत नाही, 'आधिक्षामा' म्हणतो. क्षाम म्हणजे झिजलेली. आणि आधी म्हणजे मनाचं दुखणं. आपण आधिव्याधी म्हणतो ना, त्यातला आधी मनाचा, व्याधी शरीराचा. मनाच्या दुखण्याने झिजलेली ती एका कुशीवर पडून आहे, पूर्वेच्या कडेला एकच कला उरलेल्या चंद्रासारखी.

बाई तीच, बारीकपण दोन्हीकडे. एक बांधा, दुसरी हकीकत. खाडीकाठ यांनी लिंकनवर जे दाखवलं तेच. कालिदासाने कारण शब्दाच्या आतच शिवून टाकलं. इंग्रजी गॉन्ट कारण सांगत नाही, फक्त ते आहे एवढं कळवतो.

वाचनवेडा

सरांचा प्रतिसाद वाचून 'कृश'चा हट्ट सोडला. आधिक्षामा! साष्टांग नमस्कार.

माझ्याकडून एक भर. जॉन ऑफ गॉन्ट हे इंग्लंडच्या इतिहासातलं मोठं नाव, तिसऱ्या एडवर्डचा मुलगा. मुलांना वाटेल हा हडकलेला कुणी असेल. तसं नाही. त्याचा जन्म १३४० मध्ये आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला, त्या शहराच्या नावाचा जुना इंग्रजी उच्चार म्हणजे गॉन्ट. पण शेक्सपिअरने 'रिचर्ड दुसरा' नाटकात ही संधी सोडली नाही. मरणशय्येवरचा म्हातारा जॉन आपल्याच नावावर श्लेष करतो: मी नावाचा गॉन्ट, म्हातारपणाने गॉन्ट, आणि थडग्यासारखा गॉन्ट, ज्याच्या पोकळ पोटात हाडांखेरीज काही नाही. राजा विचारतो, आजारी माणसं नावाशी असं खेळतात का? मला तो प्रसंग फार जवळचा वाटतो. माझे वडील शेवटच्या दिवसांत असेच शब्दांशी खेळायचे, आम्हाला रडू येऊ नये म्हणून.

आणि गॉन्टलेटचा याच्याशी संबंध नाही. तो फ्रेंचमधल्या हातमोज्यावरून आला.

दिवाळे_बंदर

आमच्या कोळीवाड्यात, बेलापूरला, म्हातारी माणसं 'वालला' म्हणतात. वाळला. 'पोर पार वाललाय' म्हटलं की घरात कुणीतरी लगेच सार करायला घेतं. बोंबील बांबूंवर वाळत घातलेले रोज बघतो आम्ही. ओला बोंबील हातात धरला तर पाण्यासारखा निसटतो, लुसलुशीत. चार दिवसांनी तोच काडी होतो, जबडा उघडा, डोळ्यांच्या जागी भोकं. त्यामुळे आमच्याकडे वाळला म्हटलं की आधी तो भरलेला होता हे वेगळं सांगावं लागत नाही.

खाडीकाठ

@दिवाळे_बंदर, हे माझ्या 'खंगलेला'पेक्षा सरस आहे. वाळणं ही क्रिया आहे, आणि सगळ्या महाराष्ट्राला कळते.

पायवाट

गॉन्ट माणसांपुरता नाही, एवढंच सांगायला आलो. ओसाड, उघड्यावाघड्या जागेलाही वापरतात. एप्रिलमध्ये येऊरला गेलात तर कांडोळाची झाडं बघा. पान एक नाही, पांढरंफटक खोड, वेड्यावाकड्या फांद्या. त्याला भुताचं झाड म्हणतात ते उगाच नाही. इंग्रजीत गॉन्ट ट्री म्हणजे नेमकं हे. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना बंद पडलेल्या एखाद्या कारखान्याचा पत्रे उडालेला सांगाडा दिसतो, तोही गॉन्ट. मात्र कागद, दोरी, ताक यांना हा शब्द लागत नाही. तिथे थिनच. मराठीत आपण तर त्यालाही वेगळे शब्द ठेवलेत. ताक पातळ, दोरी बारीक, केस विरळ, कापड झिरझिरीत.

झाडाला 'बोडका' म्हणतो आपण. सांगाड्याला 'भकास'. म्हणजे गॉन्टचं काम मराठीत एक शब्द करत नाही, जागा बघून वेगवेगळे करतात. मला त्यात उणं काही वाटत नाही.

ऐरोली_लोकल

एक विचारू? परतीचा शब्द काय? म्हणजे वाळलेलं माणूस पुन्हा भरू लागतं तेव्हा?

मोगरा

अंग धरणं! "आता अंग धरलंय हो बाबांनी." वॉर्डात नातेवाईक हेच म्हणतात. इंग्रजीत फिल आउट. बाळांना बाळसं धरणं.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी त्या मुलाला हा धागा पूर्ण वाचून दाखवला. निबंध त्याने पुन्हा लिहिला. 'स्लिम' खोडला आणि तिथे लिहिलं, 'हिज फेस वॉज गॉन्ट.' त्यापुढे घड्याळाचं वाक्य, मग रुमालाचं, मग दार उघडल्याचं. कवळीचं नाही लिहिलं, आजोबांना आवडणार नाही म्हणाला. मी आग्रह केला नाही.

वहीच्या समासात, जिथे मुलं कठीण शब्दाचा अर्थ लिहितात, तिथे त्याने शब्दकोशातला एकही शब्द घेतला नाही. 'गॉन्ट = वाळलेला, आधी भरलेला होता तो' असं लिहिलंय. मी त्याला बरोबरची खूण केली.

आजोबांचं विचारलं. रुग्णालयातून आल्यावर जांभळी नाक्याच्या घड्याळजीकडून त्यांच्या पट्ट्याच्या दोन कड्या काढून घेतल्या होत्या. आजोबांनी त्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवल्या आहेत. मागच्या महिन्यात एक परत बसवली.